शेततळ्याकाठचं मीठ

राजेश्वरीनं उंचावरून सूर मारण्यात देशात पहिला नंबर काढला, तेव्हा शेळगावात सत्कार झाला. कौतुक नेमकं कशाचं करायचं, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. सरपंच मोहनरावांनी भाषणात तिला गावची जलपरी केलं. "वरनं खालीच पडायचं, त्यात शिकायचं काय?" शेजारच्या कुशाबाईनं विचारलं.

शिकवलं होतं वडिलांनी, मानसिंगतात्यांनी. त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं. विहिरीच्या काठावरून ते नुसतं ओरडायचे, "पाय जुळव, बया!"

पुढं ती डॉक्टर झाली, इंदापुरात दवाखाना घातला. गावाला हायसं वाटलं. पोरगी एकदाची कामाची झाली.

त्या दुपारी फोन आला. मोटरीचा पाइप सारायला गेलेले तात्या शेततळ्याच्या प्लॅस्टिकवरून घसरले होते. ती वस्तीवर पोचली तेव्हा त्यांना काठावर गळ्यापर्यंत मिठात पुरलं होतं. बुडालेला माणूस मिठात ठेवला की उठतो, असं मोबाइलवर आलं होतं. फारुकशेठनं दुकानातली सगळी पोती आणून ओतली होती.

राजेश्वरीनं मीठ उकरलं, छाती दाबली, श्वास दिला, पुन्हा दाबली. हात भरून आले तरी दाबली. तात्या कधीच गेले होते.

दवाखान्यात ती हे नातेवाइकांना नीट सांगायची. इथं समोर आई होती, द्वारकाबाई.

"उठत्याल न्हवं गं? तू डॉक्टर हायस, तू सांग."

हातांना काहीतरी हवं म्हणून राजेश्वरी उकरलेलं मीठ पुन्हा तात्यांच्या छातीवर सारू लागली.

तेवढं पुरेसं झालं. "आरं, डॉक्टरीणबाई सोता घालत्यात!" मोहनराव ओरडले. "आजून आणा!" कळंबला, सणसरला मोटरसायकली सुटल्या. मघाशी रडणाऱ्यांत जाडं मीठ चांगलं की बारीक, यावरून दोन तट पडले. द्वारकाबाई डोळे पुसून घराकडं गेली.

राजेश्वरी मागोमाग गेली, तर चुलीवर मोठं पातेलं चढलेलं.

"मिठानं अंग झोंबंल त्यांचं," आई म्हणाली. "उठलं की ऊन पाणी लागंल."

राजेश्वरी तिच्याजवळ टेकली. चुलीत लाकूड सारलं.

"तापू दे, आई. पर तात्यांना आता आपुनच आंघोळ घालायची हाय."

बाहेर आणखी एक पोतं उतरल्याचा आवाज आला.

"मग थांबीव की गं त्यास्नी," आई म्हणाली. "आजून वतत्यात."