पॉलिसी आणि चार दरवाजे

इतक्या वर्षांत एकदाही दवाखान्याची पायरी चढलो नाही, म्हणून मी आरोग्यविम्याची पॉलिसी बंद करायचं ठरवलं. कंपनीला कळवलंही. खात्री करून घ्यायला रविवारी संध्याकाळी त्यांचा फोन येणार होता.

आमच्या सौभाग्यवती रतनबाई म्हणाल्या, "या वयात दुसरी पॉलिसी कोण देनार? उद्या तुमाला काय झालं, तर मी कुनाच्या दारात जाऊ?"

"होतंय काय मला? रविवारी पोरांना घेऊन लोहगडावर जातोय. कुठंही न बसता चढलो, तर पॉलिसी बंद."

"आन् बसलात तर?"

"तर तुम्ही म्हणाल तसं."

निवृत्तीनंतर मी वडिवळ्यात आमच्या ओसरीवर मुलांना शिकवतो आणि दरवर्षी त्यांना गडावर नेतो. त्यांतल्या पिंकीला रतनबाईंनी साक्षीदार नेमलं.

मी बसलो नाही. गणेश दरवाजापाशी थांबून तटबंदी समजावली, नारायण दरवाजापाशी धान्यकोठारं, हनुमान दरवाजापाशी तोफा. महादरवाजात विषयच संपले, तेव्हा मुलांना एकोणतीसचा पाढा म्हणायला लावला. दोनदा.

घरी येताच रतनबाईंनी पिंकीला गाठलं. "आबा कुटं बसले का गं?"

"न्हाई आजी. येकदाबी न्हाई."

मी मिशीवरून हात फिरवला.

"पर दरवाजा आला की शिकवाया लागायचे. मागल्या वर्सी गनेश दरवाजाला दोनच वाक्यं सांगितलीवती. औंदा तितंच लय इतिहास निगाला. त्योबी भिंतीकडं तोंड करून."

"भिंतीकडं कशापायी?"

"दगड दावत व्हते. हात काय दगडावरनं काढलाच न्हाई."

रतनबाई माझ्याकडं वळल्या. तेवढ्यात माडीवर फोन वाजला. आमच्याकडं रेंज फक्त माडीवरच. मी सुटका झाल्यासारखा जिना धावत चढलो.

"नमस्कार, मी अमृता बोलतेय. पॉलिसी बंद करण्याचं कारण सांगाल का, सर?"

मी तोंड उघडलं, पण श्वासच पुरेना. तेवढाच वेळ मिळावा म्हणून म्हणालो, "बाळ... आधी तूच सांग... विमा म्हणजे काय?"

माझा दुसरा हात भिंतीवर होता. मागून आलेल्या रतनबाईंनी तो पाहिला आणि फोन काढून घेतला.

"ताई, हितं पाचवा दरवाजा लागला बगा. पॉलिसी चालूच ठेवा. आन् छातीचा डॉक्टर तुमच्यात कंचा चालतो, तेवडं सांगा."

तेव्हा मात्र मी बसलो.