आबांचं मधलं नाव

आमच्या आबांना मधलं नावच नाही. पासपोर्टवर नुसतं मुरलीधर आणि आडनाव. दोन वर्षांचं पोर टाकून पळालेल्या बापाचं नाव मिरवू कशाला, म्हणायचे. आता पंच्याऐंशीचे, लंडनमधल्या हाउन्सलोच्या घरात हॉलमध्ये हॉस्पिटलनं दिलेल्या पलंगावर. नर्स म्हणाली, फार तर पंधरा दिवस. त्यातही माझ्या भावाला, अनुपला, बजावून झालेलं: माझ्या क्रियाकर्मात त्या माणसाचं नाव घेतलंस तर खबरदार!

आणि मंगळवारी आबांच्या चुलतभावाच्या मुलीनं, मीनाक्षीनं, नागपूरहून फॅमिली ग्रुपवर कुळवृत्तांताची पानं टाकली. आमच्या आजोबांपुढे, म्हणजे आबांच्या वडिलांपुढे, लिहिलेलं: 'यशवंत. १९४१ साली सैन्यात भरती. १९४४ साली इटलीत कामी आले.' खाली तारेचा फोटो.

मी तिथल्या तिथे फोन लावला.

"अगं, तुम्हाला माहीत नव्हतं?" मीनाक्षी म्हणाली. "आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. आमचे आजोबा खादीवाले, बेचाळीसला तुरुंगात जाऊन आलेले. धाकटा भाऊ इंग्रजांसाठी मेला हे सांगायची लाज वाटली त्यांना. तार दडवली आणि पळाला म्हणून सांगितलं."

"आणि माझी आजी जन्मभर कुंकू लावून वाट बघत बसली, तिचं काय?"

"आम्हाला वाटलं, नंतर कुणीतरी सांगितलं असेल."

कुणीतरी! मेल्यांनो, ऐंशी वर्षं!

आबांना सांगू नको, अनुप म्हणाला. पण मला राहवेना. आबा बापाला शिव्या देत जाऊ नयेत, एवढंच मनात होतं. बुधवारी सकाळी चमच्यानं चहा पाजला आणि सगळं सांगून टाकलं. आजोबांचं नावही घेतलं, या घरात पहिल्यांदाच.

डोक्यावरून विमान चाललं होतं. ते जाईपर्यंत आबा थांबले.

"आईला माहीत होतं?"

"नाही हो, आबा."

"जाताना तिनं माझा हात धरला. म्हणाली, ते आले तर घरात घेशील ना? मी म्हटलं, दारातसुद्धा उभा करणार नाही."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले.

"रडत गेली गं ती, वैजू."

पुढे नऊ दिवस जगले, भिंतीकडे तोंड करून. क्रियाकर्माच्या वेळी भटजींनी वडिलांचं नाव विचारलं. अनुपनं माझ्याकडे पाहिलं. 'यशवंत,' मी मोठ्यानं म्हटलं. आता काय उपयोग? कुणी सांगितली होती मला नसती उठाठेव! गप्प बसले असते, तर रागात का होईना, आबा झोपेत गेले असते.