सोमवारी निघालेला काटा

बदलापूर गावात गोमा भगताच्या अंगणात त्या सोमवारीही पाय ठेवायला जागा नव्हती. घशात रुतलेला माशाचा काटा भगत न कापता काढी. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधले सिंधी शेठसुद्धा रिक्षा करून येत. त्यांचा आवडता पल्ला मासा म्हणजे नुसते काटे. भगत गळ्याला बाहेरून पितळी नळी लावी, गाल आत जाईपर्यंत ओढी आणि ताटलीत काटा थुंकी.

"डॉक्टर चिरतो, आपण ओढतो," तो सांगे. "नळी पितळेची, ताकद आईची."

मी नुकताच बी.एस्सी. झालो होतो. "काटा कातडीतून आला तर भोक कुठंय?" मी विचारलं.

"तू कॉलेजात जा ना बाबा," शेजारचा म्हणाला. "इथं कशाला टाइमपास?"

माझी बहीण शालनताई दवाखान्यात नर्स. ती नुसती बघत होती.

तेवढ्यात प्रसादाचं खोबरं वाटलं गेलं. कौसाबाईचा तरणा मुलगा चांगो हसत खात होता, तो एकदम गप्प झाला. दोन्ही हात गळ्याशी, तोंड उघडं, आवाज नाही. कुणी टाळूवर थोपटलं, कुणी "वर बघ" म्हणालं, कुणी पाणी आणलं. कौसाबाईनं त्याला भगतापुढे ओढलं. भगतानं नळी लावली, काटा थुंकला.

"निघाला. ने घरी."

चांगोचे ओठ निळे पडत होते.

"पाणी नको, सरका," म्हणत ताई घुसली. त्याला पुढे वाकवून तिनं पाठीवर, खांद्यांच्या मधोमध तळहातानं जोरात थापा मारल्या. उपयोग झाला नाही. मग मागून कवेत घेऊन, बेंबीच्या वर मूठ रोवून, आत आणि वर झटके दिले. खोबऱ्याचा तुकडा अंगणात पडला. चांगो खोकला आणि म्हणाला, "आये."

"मंतरानं सैल केलेलं," भगत म्हणाला.

कौसाबाईनं ताटली उचलली. "भगता, आज सोमवार. माज्या घरात मासं शिजत नाय. मंग ह्यो काटा कुनाचा?"

"आ करा, भगत," ताई म्हणाली.

भगत आ करीना.

"काय रे, तुझ्याच घशात अडकलं काय?" मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला, आणि भगतालाही हसू फुटलं. गालाआडून आणखी दोन काटे बाहेर आले.

ताई चांगोला तपासणीसाठी दवाखान्यात घेऊन गेली. मग लोकांनी मला घेरलं. "पण माझा काटा खरंच गेला होता की," एक शेठ म्हणाले. मी म्हणालो, गेलाच असणार. लहान काटा बहुतेकदा आपोआप पोटात उतरतो, मागे ओरखडा सलत राहतो. श्रेय नळीला मिळतं. न गेलेला काटा डॉक्टरनेच काढायचा. आणि ज्याला खोकता, बोलता येत नाही, त्याचा श्वास बंद झालाय. त्याला भगताकडे न्यायला वेळच नसतो. जवळ उभ्या माणसानं ताईसारखे हात चालवायचे. ते शिकून घ्या. नवस लागत नाही.