रडका लॅपटॉप आणि मखमली उशी

रविवारी सकाळी लॅपटॉपच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येकाने आपापला नवा लॅपटॉप छातीशी धरला होता, डोस पाजायला आणलेल्या बाळासारखा. कुणी त्यावर रुमाल पांघरला होता, कुणी त्याला हलकेच थोपटत होतं. माझ्या कडेवर खरंखुरं बाळ होतं आणि खांद्यावरच्या पिशवीत लॅपटॉप. दोघांत जास्त रडका लॅपटॉपच, म्हणून तर नणंदेने मला ओढून आणलं होतं.

“वहिनी, तू फक्त बघत राहा,” ती म्हणाली. “आमच्या साहेबांचा लॅपटॉप गुरुजींनी हात लावताच गप्प झाला.”

“मग साहेबांनाच का नाही ठेवलं टेबलावर?”

“तुझं ना, सगळ्यात आधी तोंड चालतं!”

दुकानाच्या मधोमध टेबल, टेबलावर लाल मखमली उशी, आणि टेबलामागे यंत्रगुरू. गळ्यात माळेऐवजी चार्जरची वायर. त्यांनी एका गृहस्थांचा लॅपटॉप उशीवर ठेवला, कीबोर्डच्या खालच्या कडेवर तळवा दाबला आणि दुकानभर आवाज घुमला: कर्रर्र!

“ऐकलंत? लेकरू रडतंय!” गुरुजींनी डोळे मिटले. “अहो, प्लास्टिक म्हणजे कोण? कोट्यवधी वर्षं जमिनीखाली झोपलेलं तेल! त्याची झोपमोड करून तुम्ही त्याच्यावर पगाराचे हिशेब करता. कुरकुरणार नाही तर काय करेल?”

“खरंय, खरंय,” गृहस्थ म्हणाले. जणू झोपमोड त्यांनी स्वतःच केली होती.

गुरुजींनी हवेत बोटं फिरवली, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटले, मग लॅपटॉप उचलून शेजारी उघड्या टेबलावर ठेवला. दाबला. चिडीचूप! लोकांनी टाळ्या वाजवल्या. लॅपटॉपवर एक सोनेरी स्टिकर चिकटला. ती ‘शांतिमुद्रा’.

“आता महिनाभर यंत्राबद्दल वाईट बोलायचं नाही. तक्रार केलीत की मुद्रा कोमेजते.”

माझा नंबर आला. उशीवर माझ्याही लॅपटॉपने कर्रर्र केलं. लेकीने भोकाड पसरलं. “बघा, बाळाला बाळाचं दुःख कळतं,” गुरुजी म्हणाले. नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं. टेबलावर ठेवताच आवाज बंद. खोटं कशाला बोलू, मलाही हायसं वाटलं.

कारण माझं सगळं त्या आवाजावर अडलं होतं. डॉक्टरांनी बोलून ठेवलेलं हेडफोनवर ऐकायचं आणि टाइप करायचं, असं घरून करण्याचं काम बाळंतपणानंतर पहिल्यांदाच हाताला लागलं होतं. लेक झोपेल तेवढाच माझा वेळ. पलंगावर तिच्या कुशीला बसून मी मनगट टेकवलं की लॅपटॉप करकरायचा, ती दचकून उठायची, आणि फाइल तशीच राहायची. कामाच्या ठिकाणच्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं होतं, “पुन्हा उशीर झाला तर दुसरीला देऊ हं.” त्यातून झाकणाच्या बिजागरीपाशी प्लास्टिक उकलू लागलं होतं, नख आत जाईल इतकं. तो मोडला तर दुसरा घेण्याची ऐपत नव्हती.

दुसऱ्या दिवशी लेक झोपली. मी शांतिमुद्रेकडे विश्वासाने बघितलं आणि मनगट टेकवलं.

कर्रर्र!

लेक उठली. लॅपटॉप आणि लेक, दोघांना घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर लॅपटॉप ठेवून दाबला, तर गप्प. पलंगावर नेला, करकरला. ओट्यावर आणला, गप्प. आता पलंगाला कसला दोष लागला होता? बघितलं तर पलंगावर त्याचा एक कोपरा घडी केलेल्या दुपट्यावर चढत होता. मी ओट्यावर लेकीचा मऊ चमचा एका कोपऱ्याखाली सरकवला. कर्रर्र! काढला. शांत. घातला. कर्रर्र! लेकीला एवढा आनंद झाला की तीही “कल्ल, कल्ल” करू लागली. मी मग तिच्यासाठीच आणखी चार वेळा केलं. शास्त्रात प्रयोग पुन्हा पुन्हा करून बघायचा असतोच, प्रेक्षक हसत असेल तर जास्तच.

नणंद संध्याकाळी आली. तिलाही दाखवलं.

“पण मग गुरुजींच्या उशीवर का रडतो?”

“तेच बघायचंय. आणि एक सांग, दुकानात खराब माल किती दिवसांत बदलून देतात?”

“पंधरा.” ती थबकली. “आणि गुरुजींनी तक्रार करू नका सांगितलंय... महिनाभर.”

माझी मुदत शनिवारी संपत होती. आम्ही दोघी दुकानात गेलो, तर त्या दिवशीही गुरुजी बसले होते. मी कुणाला काही बोलू न देता लॅपटॉप सरळ उघड्या टेबलावर ठेवला आणि दाबला. आवाज नाही.

“गुरुजी, तुम्ही हातही लावला नाहीत, आणि बरा झाला!”

“मुद्रेचा प्रभाव आहे, बाई.”

मी स्टिकर सोलून काढला. दाबला. आवाज नाही. मग लेकीचा चमचा एका कोपऱ्याखाली ठेवला. कर्रर्र!

गुरुजी गंभीर झाले. “तुमच्या अविश्वासाने मुद्रेची शक्ती गेली.”

मी चमचा काढला. शांत. “मग आता कुठून आली?”

मागून कुणीतरी फिसकन हसलं. रांगेतल्या एका आजोबांनी आपला बरा झालेला लॅपटॉप पुढे केला. “माझ्याखाली घाला बघू चमचा. म्हणजे ह्याच्याखाली.” तोही रडला. आणखी दोन रडले. तेवढ्यात नणंदेने मखमली उशी उचलून चाचपली. वरून कापूस, पण आत एका बाजूला लाकडाची पट्टी शिवलेली. लॅपटॉपचा एकच कोपरा उचलणारी.

गुरुजींचा चेहरा उतरला आणि त्यांनी गल्ल्याकडे बघून हाक मारली, “दाजी, अहो बघा ना, या बाई काय करतायत!”

गल्ल्यावरच्या दुकानदाराने खाली बघितलं. आजोबा म्हणाले, “असं आहे होय! एकाने विकायचं आणि मेहुण्याने मुदत संपेपर्यंत झोपवायचं.”

मग मी सांगितलं, जे सांगायला कुठलीच विद्या लागत नव्हती. खालचं कवच पातळ प्लास्टिकचं आहे. फटीतून दिसतं, कडेला छोटे आकडे एकमेकांत अडकवलेत, स्क्रू मोजकेच. एक कोपरा उचलला की सगळं अंग पिळतं आणि दोन तुकडे एकमेकांवर घासतात, म्हणून आवाज. नुसता आवाज असेल आणि बाकी सगळं घट्ट असेल, तर सपाट जागी ठेवून, दोन्ही हातांनी उचलून वापरा, चालेल. पण सांधा उकलत असेल तर ते कुणाचं दुःख नाही, तो कच्चा माल आहे.

“वहिनी, नव्या यंत्राला थोडा आवाज असतोच,” दुकानदार पुटपुटला.

मी झाकण उघडलं. बिजागरीपाशी फट आ वासून होती. “हाही आवाजच का? आज माझा शेवटचा दिवस आहे. एक तर लॅपटॉप बदलून द्या, नाहीतर इथेच सगळ्यांसमोर चमचा चालू ठेवते.”

त्याने बदलून दिला. जरा जाड, जड, पण कुठेही दाबला तरी न पिळणारा. माझ्यामागची रांग टेबलासमोरून उठून गल्ल्यासमोर लागली. काहींची मुदत उलटून गेली होती, तरी तेही उभे राहिले. आजोबा म्हणाले, “दाजी, आमचीही जरा शांती करा.”

हे मी लेक झोपली असताना लिहिते आहे. मनगट टेकलेलं आहे आणि ती अजून उठलेली नाही, म्हणून थोडक्यात सांगते. वस्तू कुरकुरली तर ती कुठे घासते आहे ते आधी बघा. एका जागी ठेवून बघा, दुसऱ्या जागी ठेवून बघा, फरक का पडला ते स्वतःला विचारा. आणि कुणी तुम्हाला ‘तक्रार करू नका’ म्हणालं, तर त्याच दिवशी जाऊन तक्रार करा.