चार ओळींची जागा

डावा खांदा जरा खाली.

कॅमेऱ्याला फिका निळा रंग दिसत नाही.

एका पायरीवर दोन माणसं सहज मावतात.

बोरिवलीहून मुलुंडला बसने जायचं तर मध्ये एकदा बदलावी लागते.

"इथं तुझ्या शेजारी एक जण बसणार आहे."

हे शेवटचं दशरथ म्हणाला होता. एकावन्न साली, घाटकोपरच्या चाळीत, हसत. तो मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायचा. समोरच्या खोलीतल्या वसुधाला त्याने तीन संध्याकाळी जिन्याच्या पायरीवर बसवून ठेवलं. पुस्तक आलं तेव्हा पायरीवर मुलगी एकटीच होती. शेजारी गोष्टीच्या चार ओळी.

वसुधा तेच त्याचं उत्तर समजली. काही विचारलं नाही.

आता सत्त्याऐंशी साल. शाळेची नोकरी संपली, लग्न झालंच नाही. दशरथ गेल्या वर्षी वारला, आणि त्याची मूळ चित्रं कुठल्या कुठल्या वाचनालयांत मांडली जाऊ लागली. अंधेरीला ते चित्र नव्हतं. घाटकोपरलाही नव्हतं. तिला एवढंच बघायचं होतं: त्याने आपल्याला पहिल्यापासून एकटीच काढली होती का?

मुलुंडला वाचनालयाच्या माडीवर अंबादास नावाचा म्हातारा खुर्चीत बसला होता. एके काळी चित्रांचे फोटो घेऊन छपाईचे ब्लॉक बनवायचा. सकाळपासून दोनच माणसं आली म्हणाला. एक तुम्ही, दुसरा पंखा दुरुस्त करणारा. त्यानेसुद्धा पंखाच बघितला.

चित्र तिसऱ्या भिंतीवर होतं. मोठं. छापल्यावर तळहाताएवढं झालेलं.

पायरी. मुलगी. शेजारी कोरा कागद.

ती वळली.

"बाई, चष्मा काढा आणि जवळून बघा," अंबादास म्हणाला. "आमचा कॅमेरा निळ्याला आंधळा. चित्रकार आधी निळ्या पेन्सिलीने मांडून घ्यायचे. शाई फिरवली तेवढंच छापायचं. बाकीचं खोडायला कोणाला वेळ होता?"

तिने चष्मा काढला.

गुडघे. बुशशर्टची बाही. कानावर पेन्सिल. ती दशरथच्याच कानावर असायची, जेवतानाही.

समासात दुसऱ्याच कुणाच्या हातचं, लाल अक्षर: मजकुराला जागा हवी. माणूस काढून टाका.

तिने अंबादासला विचारलं, असं नेहमी व्हायचं का. तो म्हणाला, रोज. मजकूर काही आखडत नाही, माणूस आखडतो.

चार ओळी तिला पाठ होत्या. तिने त्या मनात म्हटल्या. विहिरीबद्दल होत्या. मग चष्मा घातला, आणि कागद परत कोरा झाला.

पुस्तक आल्यानंतरच्या शनिवारी दशरथ दारात आला होता. वसुधा आतच होती. ती घरात नाही असं सांगायला तिने धाकट्या बहिणीला, मालनला, पुढे पाठवलं.