बारा फूट वाट

शामकलाबाईंनी पेनाचं टोपण काढलं, कागदाकडे पाहिलं आणि टोपण पुन्हा लावलं. समोर टेकचंदने शाईची गादी उघडून ठेवली होती. कंपनीचा शिक्का मात्र बाईंच्या पिशवीत होता आणि पिशवी मांडीवर होती.

“अजून एक डाव वाच,” त्या म्हणाल्या.

कंपनीचा मॅनेजर म्हणून टेकचंदला ते वाचणं भाग होतं. त्याने तिसऱ्यांदा वाचलं. वकील समीक्षा यांनी कोर्टात कंपनीच्या वतीने जी कबुली दिली, ती देण्याचा अधिकार कंपनीने त्यांना दिलेला नव्हता; सबब ती कंपनीवर बंधनकारक नाही. नागपूरच्या मोठ्या वकिलांनी हे प्रतिज्ञापत्र करून पाठवलं होतं. खाली अध्यक्ष म्हणून शामकलाबाईंच्या सहीची जागा कोरी होती.

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं, हीच अडचण होती.

कंपनी म्हणजे बोदलकसा तलावाच्या अलीकडच्या गावांतल्या दोनशे बारा बायकांची, धान गोळा करून विकणारी. ‘कंपनी’ हा शब्द शामकलाबाई अशा काही ऐटीत उच्चारत, की ऐकणाऱ्याने बसल्या जागी सरळ व्हावं. आणि का नाही? तीन उन्हाळ्यांपूर्वी बायकांनी स्वतः घमेली वाहून गोदामापुढे धान वाळवायचा ओटा घातला होता. ओल्या सिमेंटच्या कडेला प्रत्येकीने आपला पंजा उमटवला होता. त्या ओट्यानेच मागच्या टोलीची, म्हणजे लहानशा वस्तीची, बैलगाडीची वाट अडली. जागा कंपनीची, नकाशावर वाट नाही. पण टोलीच्या गाड्या आज्या-पणज्यापासून तिथूनच जायच्या. टोलीतला म्हातारा केवलराम आधी दोनदा विनवायला आला आणि मग कोर्टात गेला.

तेव्हा कंपनीने कुडव्याच्या समीक्षाला वकील केलं. चार वर्षांची वकिली, घराण्यातली पहिली वकील. वकीलपत्रावर सही-शिक्का झाला, तरी शामकलाबाईंचं समाधान होईना. त्यांच्याकडे सोयरीक ठरवायला माणूस पाठवतात तेव्हा त्याच्या हातावर सुपारी ठेवतात. तो जे ठरवून येईल त्यावर घरात कुरकुर करता येते, ते मोडता येत नाही. बाईंनी भर सभेत समीक्षाच्या हातावर सुपारी ठेवली. ती पोर हसली होती, पण सुपारी तिने नीट रुमालात बांधून घेतली.

आणि मग या जुलैत ते घडलं. कंपनीने आधीच तीन तारखा मागून घेतल्या होत्या. त्या दिवशी न्यायाधीशांनी चौथी दिली नाही. वाट सोडता का, आत्ता सांगा, नाहीतर ओटा वापरायला मनाई करण्याच्या अर्जावर आजच ऐकतो, म्हणाले. समीक्षाने व्हरांड्यात जाऊन बाईंना पाच फोन केले. फोन बांधावरच्या पळसाला टांगलेल्या पिशवीत वाजत राहिला आणि बाई चार बांध्या, म्हणजे चार खाचरं, पलीकडे गुडघाभर चिखलात धानाची रोवणी करत होत्या. टेकचंद गोंदियाला मीटिंगमध्ये फोन बंद करून बसलेला. शेवटी समीक्षा आत गेली आणि म्हणाली, कंपनी धान निघायच्या आत बारा फूट वाट सोडेल. त्या शब्दावर केवलरामने मनाईचा अर्ज तिथंच मागे घेतला.

आता धान निघालं होतं. मोजलं तेव्हा त्या बारा फुटांत ओट्याची सबंध पूर्वेकडची कड जात होती, पंजांसकट. संचालक बायका खवळल्या. नागपूरचे वकील त्यांनीच शोधले.

शामकलाबाईही कमी चिडल्या नव्हत्या. तिरोड्याला तिच्या ऑफिसात जाऊन त्यांनी समीक्षाला गाठलं होतं. ती रडेल, हातापाया पडेल अशी तयारी मनाशी करून गेल्या होत्या. ही वकील विचारल्याशिवाय बोलते असं एकदा कागदावर आलं, की तिच्याकडे पुन्हा कोण केस देणार? पण पोरगी उभी राहिली आणि म्हणाली,

“मी विचारलं नाही, बाई. चूक माझी आहे. तुम्हाला सही करावी लागली तर करा.”

बाई तशाच परत आल्या. सगळी वाट त्यांना राग शोधावा लागला.

“सही कोर्टातच करीन,” त्या आता टेकचंदला म्हणाल्या आणि त्यांनी कागदाची घडी घातली.

तारखेला नागपूरचे वकील छान बोलले. समीक्षा मागच्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसली होती. प्रतिज्ञापत्र मागितलं गेलं तेव्हा शामकलाबाई पिशवी घेऊन पुढे गेल्या. न्यायाधीशांनी कोरी जागा पाहिली आणि विचारलं, कबुली देण्याआधी समीक्षा वकिलांनी तुमची परवानगी घेतली होती का?

“नाई घेतली, साहेब. तिनं पाच डाव फोन केल्लन. मी रोवणीत होतो. फोन झाडाले टांगून ठेवनारी मीच.” त्यांनी मागच्या बाकाकडे बोट केलं. “पन परवानगी कायले पायजे? सुपारी देऊन पाठवली तिले. ती बोलली म्हंजे कंपनी बोलली.”

नागपूरच्या वकिलांनी चष्मा काढला. न्यायाधीश मात्र शांतपणे म्हणाले, “तुम्ही सही केली असती तरी उपयोग नव्हता, बाई. दोन वर्षं या वकीलबाई प्रत्येक तारखेला तुमच्या वतीने उभ्या राहिल्या, तुम्ही कधी हरकत घेतली नाही. समोरच्याने त्यावर विश्वास ठेवला. तुमचं आपसात काय ठरलं होतं ते त्याने कसं ओळखावं? कायद्याने कंपनीला हा शब्द पाळावाच लागेल.” आणि ते तसंच लिहून घ्यायला सांगू लागले.

शामकलाबाई जागच्या हलल्या नाहीत.

“साहेब, पाळावाच लागते असं नोका लिवू.”

“मग काय लिहू?”

“कंपनीनं शब्द देल्ला, कंपनी पाळून राहिली. असं लिवा.”

न्यायाधीशांनी आपलं वाक्य ठेवलं, कायद्याला ते हवंच होतं. पण त्याच्याखाली बाईंचंही लिहून घेतलं. टेकचंदने नंतर ती नक्कल बायकांना दोनदा वाचून दाखवली. दुसऱ्यांदा बाईंनी फक्त शेवटची ओळ वाचायला लावली. कुरकुर झाली, पण मोडायचं नाव कुणी घेतलं नाही.

लोखंडी सब्बलीचा पहिला घाव शामकलाबाईंनीच घातला, आपल्या स्वतःच्या पंजाशेजारी. पंजा उमटलेला ढलपाच निघाला. टोलीची माणसं घमेली घेऊन आली होती. केवलरामने तो उचलून मलब्यात टाकायला घेतला, तर बाईंनी त्याच्या हातातून काढून पिशवीत घातला.

तो ढलपा आता तिरोड्याला समीक्षाच्या टेबलावर असतो, कागद उडू नयेत म्हणून. चार बोटं पूर्ण आहेत, अंगठा अर्धा. नवा पक्षकार हटकून विचारतो, हे काय आहे.

“कंपनीचं वकीलपत्र,” ती सांगते आणि पुढचा कागद त्याच्याखाली सरकवते.