संचालकांसाठी राखीव खोली

बँकेचं प्रशिक्षण केंद्र मखमलाबाद रोडला उभं राहिलं तेव्हा त्यातली एकेक फरशी संजना साळवेनं स्वतः निवडली होती. त्याआधी बँकेची प्रशिक्षणं एखाद्या मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये व्हायची. खाली साखरपुडा चाललेला असायचा आणि वर कर्जवाटपाचे नियम. वाजंत्री सुरू झाली की शिकवणारा फळ्यावर लिहीत राहायचा आणि ऐकणारे खिडकीतून नवरीची साडी बघायचे. संजनानं तीस वर्षं ते सहन केलं होतं. म्हणून मुख्य व्यवस्थापक झाल्यावर केंद्राचं काम तिनं मागून घेतलं.

बांधकामाच्या काळात ती ऑफिसपेक्षा सिमेंटच्या धुळीतच जास्त दिसायची. अध्यक्ष खंडेराव मोगल यांना दर्शनी भिंतीला ग्रॅनाइट हवा होता. संजनानं तो खर्च वाचवून एक सरावाची शाखा करून घेतली. तिथं खरा काउंटर होता, खरी कॅशची केबिन होती, फक्त ग्राहक खोटे. अध्यक्ष कुरकुरले, पण ऐकलं. त्या बदल्यात तळमजल्यावर संचालकांसाठी एक राखीव खोली ठेवावी लागली. एसी, सोफा, स्वतंत्र बाथरूम, खिडकीबाहेर द्राक्षबाग. वरच्या दोन मजल्यांवर कर्मचाऱ्यांच्या राहण्याच्या खोल्या.

पहिला वर्ग क्लार्कचे ऑफिसर होणाऱ्यांचा. तीन आठवडे, तिथंच राहून. तो पूर्ण केल्याशिवाय बढती नाही. बायकांच्या मजल्यावरच्या बऱ्याच खोल्या रिकाम्याच राहिल्या. ज्या आल्या नाहीत त्यांनी ‘घरगुती अडचण’ असं कळवलं होतं. संजनाला वाईट वाटलं, पण वर्ग सुरू करायच्या गडबडीत ती त्यावर थांबली नाही.

पहिल्याच आठवड्यात, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, तिला खिडकीतून एक बाई दिसली. कंपाउंडबाहेर कडुलिंबाखाली सतरंजी टाकून बसलेली. नऊवारी, डोक्यावर पदर, मांडीवर बाळ. तेवढ्यात गेटमधून गळ्यात ओळखपत्र घातलेली एक मुलगी जवळजवळ धावत बाहेर गेली, बाळाला उचललं आणि रस्त्याकडे पाठ करून बसली.

मुलगी नांदगाव शाखेची मनाली होती. वर्गात पहिल्या रांगेत बसायची, प्रश्नही विचारायची.

संजना खाली उतरून गेटबाहेर गेली. तिला बघून मनाली गडबडली. ओढणी सावरत म्हणाली, “सॉरी मॅडम. पाचच मिनिटं. सुट्टी संपायच्या आत येते.”

“बस, बस. त्याचं होऊ दे आधी.”

म्हातारी मात्र उठून उभी राहिली. “आम्ही आत येत नाय, मॅडम. नियम म्हाईत हाय आम्हाला. झाडाखाली बसलं तर कुणाचं काय जातंय?”

“कोण तुम्ही?”

“हिची सासू. धोंडाबाई. आन हा सनी. आठ महिन्याचा हाय.”

हळूहळू सगळं कळलं. मनालीचा नवरा मनमाडला रेल्वेत होता, त्याची ड्यूटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. बाळ बाटली तोंडात धरत नव्हतं. मनालीनं वर्गाचं काम बघणाऱ्या अमितला विचारलं होतं, रात्री पंचवटीत नातेवाइकांकडे राहून रोज आले तर चालेल का? अमित म्हणाला, निवासी म्हणजे निवासी. मग धोंडाबाईनं ठरवलं, रात्री पंचवटीत आपण बाळाला चमच्यानं दूध पाजायचं आणि सकाळी रिक्षानं इथं आणायचं. चहाच्या सुट्टीत, जेवणाच्या सुट्टीत आई बाहेर येणार. कुणाला कळायचंसुद्धा नाही.

“रात्री झोपतो का?” संजनानं विचारलं.

धोंडाबाईनं सुनेकडे बघितलं आणि म्हणाली, “झोपतो की. चांगला झोपतो.”

त्या बघण्यावरून संजनाला कळलं की तो झोपत नाही. मनालीलाही कळलं असावं. तिनं मान खाली घातली.

मार्चचं ऊन होतं. कडुलिंबाची पानं झडून गेली होती आणि सावली म्हणजे नुसती फांद्यांची जाळी होती. संजना म्हणाली, “धोंडाबाई, सतरंजी गुंडाळा. चला आत.”

तिनं स्वतःच पिशवी उचलली आणि त्यांना संचालकांच्या खोलीत नेलं. धोंडाबाई दारातच थबकली. चपला बाहेर काढल्या, गालिचा बघून त्याला वळसा घालून कडेकडेनं आत गेली आणि सोफा सोडून फरशीवर बसली. बाळानं मात्र गालिच्यावर हात आपटले आणि तो मऊ आहे हे कळल्यावर मोठ्यानं हसलं.

अमित धावत आला. “मॅडम, ही खोली… आणि नियमात लहान मूल बसत नाही.”

“नियम मीच लिहिलेत, अमित. नाश्त्याला काय असावं इथपर्यंत लिहिलंय. मुलाचं तेवढं सुचलं नाही.” तिचा आवाज चढला नव्हता. “आजपासून या दोघी रात्रीसुद्धा इथंच राहतील.”

सगळं मिटलं असं तिला वाटलं. पण संध्याकाळी मनाली तिच्या केबिनमध्ये आली आणि बसायलाही तयार होईना.

“मॅडम, रागावू नका. मी उद्या परत जाते.”

“का गं?”

“वर्गात कुजबुज सुरू झालीय. तिला एसी खोली मिळाली म्हणे. उद्या मी ऑफिसर झाले तरी लोक म्हणतील, मूल दाखवून झाली. झाडाखाली बरं होतं. तिथं मी कुणाचं काही घेत नव्हते.”

संजनाला स्वतःचे दिवस आठवले. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी ती स्वतः आपल्या मुलाला, अश्विनला, मनमाडला आईकडे ठेवून पुण्याला प्रशिक्षणाला गेली होती, मग पुढे दोन वर्षं बाहेरगावच्या शाखेत. सुट्टीला घरी गेली की तो आजीच्या पदराआड जाऊन तिच्याकडे बघायचा. तेव्हा तिनंही कुणाकडे काही मागितलं नव्हतं. न मागण्याचा तिला अभिमानच होता. आता ही मुलगी तशीच ताठ उभी होती आणि तिच्याकडे बघताना संजनाला अभिमान वाटेना, तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं.

“सासूबाईंना सांगितलंस?”

“नाही.”

“मग आधी त्यांना सांग. चल, मीही येते.”

धोंडाबाई बाळाला पायांवर घेऊन थोपटत होती. सुनेचं बोलणं तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग थोपटणं न थांबवता म्हणाली, “माझी बी एकदा निवड झाली व्हती.”

“कसली निवड?” मनालीनं विचारलं.

“नर्सबाईची. सातवी शिकलेली व्हते मी. मालेगावला शिकायला जायचं व्हतं, तिथंच ऱ्हायचं. तुझा नवरा तवा एवढाच व्हता. सासरे म्हणले, पोर घेऊन कुठं फिरती, बस घरी. मी बसले.” तिनं बाळाचं पांघरूण सारखं केलं. “त्यांचा राग नाय आला. पण रातच्याला पोराकडं बघून वाटायचं, ह्याला बरूबर न्यायची सोय असती तर?”

“तुम्ही कधी बोलला नाहीत, आई.”

“बोलून काय करायचं? तुझा बढतीचा कागद आला, तवा म्या म्हणले, हिला मी नेते. लोकांचं काय, आज बोलत्यात, उद्या इसरत्यात.” आणि मग एकदम लाजल्यासारखी हसून ती म्हणाली, “शिवाय मला बी बघायचं व्हतं, निवासी म्हंजे कसं असतंय.”

मनाली सासूच्या शेजारी फरशीवर बसली. तिनं तिच्या पायांवरून बाळ उचललं आणि दुसऱ्या हातानं म्हातारीचे अवघडलेले पाय चेपायला लागली. संजना दार हलकेच ओढून बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी तिनं घरगुती अडचण कळवलेल्या बायकांना एकेक करून फोन केला. पहिल्यांदा कुणी खरं बोलेना. पण ‘मूल आणलं तर चालेल’ म्हटल्यावर पलीकडचा आवाज बदलायचा. पुढच्या सोमवारी दोघी आल्या. एकीबरोबर तिची आई आणि चालायला लागलेली मुलगी, दुसरी बाळाला एकटीच घेऊन आलेली. धोंडाबाईनं तेही बाळ आपल्याकडे घेतलं. नव्या लाकडाचा वास असलेल्या त्या खोलीत आता बाळंतशोपेचा, मऊ भाताचा वास यायला लागला. कुजबुज संपली. ज्यानं सगळ्यात जास्त नाक मुरडलं होतं तो येवल्याचा क्लार्क जेवणानंतर सनीला खांद्यावर घेऊन फिरवताना दिसू लागला.

मग एका दुपारी अध्यक्ष न कळवता आले. मीटिंगला वेळ होता, जरा आडवं व्हावं म्हणून सरळ आपल्या खोलीत गेले. संजना पोचली तेव्हा खंडेराव दारात उभे होते आणि धोंडाबाई तोंडावर बोट ठेवून त्यांना गप्प राहायला सांगत होती. सोफ्यावर उशांच्या मध्ये दोन बाळं झोपली होती.

खंडेराव कुजबुजत म्हणाले, “साळवे मॅडम, मी कुठं झोपू?”

“सर, वर खोली देते.”

“ते राहू द्या. ही खोली अशी द्यायचं कुणी ठरवलं?”

“मी.”

ते वर जाऊन एका साध्या खाटेवर पडले. जाताना मात्र म्हणाले, “हा विषय संचालक मंडळापुढं यायला हवा. असं परस्पर बरं नाही.”

मंडळात वाद झाला. खोली संचालकांचीच राहावी असं काहींचं म्हणणं पडलं. शेवटी असं ठरलं की राखीव खोली परत द्यायची आणि शेजारची फर्निचर ठेवायची मोठी खोली मुलांसाठी करायची. एसी मिळाला नाही. पण सांभाळायला एक बाई नेमायला मंजुरी मिळाली आणि नियमांत ‘लहान मूल सोबत आणता येईल’ अशी एक ओळ वाढली. ती ओळ वाचताना खंडेराव अडखळले नाहीत.

फर्निचर हलवल्यावर त्या रविवारी संजनानं अश्विनला बोलावलं. तो ओझरच्या विमान कारखान्यात होता, पत्र्याच्या कामात हात बसलेला. त्या खोलीला बाहेर तीन पायऱ्या होत्या, तिथं मुलांसाठी छोटं फाटक हवं होतं. त्यानं कडा घासून गुळगुळीत केल्या, बोट फिरवून पाहिल्या. संजना त्याच्याजवळ पायरीवर बसली होती. इतकी वर्षं न विचारलेलं तिच्या तोंडून निघून गेलं.

“अश्विन, मी तुला आजीकडे ठेवून जायचे, तेव्हा फार वाईट वाटायचं का रे?”

त्यानं घासणं थांबवलं. खरंच आठवून बघितलं. “आजीकडे होतो ते आठवतं, आई. कोंबड्या होत्या. इंजिनाच्या शिट्ट्या. तू नव्हतीस हे नाही आठवत.”

ती मान वळवून द्राक्षबागेकडे बघत राहिली. त्यानं हातमोजा काढला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाला, “बिजागरी आतून लावू ना?”

“आतून लाव. बोटं अडकायला नकोत.”

मनाली वर्ग पूर्ण करून लासलगाव शाखेत ऑफिसर म्हणून गेली. निघताना धोंडाबाईनं नवीन आलेल्या बाईला खोली नीट समजावून दिली. मग सगळ्यांबरोबर फोटो काढायला पायऱ्यांवर उभी राहिली, तीही पहिल्या रांगेत, सनीला कडेवर घेऊन.

जूनमध्ये दुसऱ्या वर्गाची तयारी सुरू होती तेव्हा सटाण्याहून फोन आला. बहिरू अहिरे नावाचा क्लार्क होता. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. गाडी कुठली सोयीची, पांघरूण आणायचं का.

“मॅडम, अजून एक विचारायचं होतं,” तो शेवटी म्हणाला. “ते मुलांच्या खोलीचं ऐकलं. ते फक्त बायकांसाठी आहे का?”

“का?”

“माझी मुलगी तीन वर्षांची आहे. तिची आई गेल्या दिवाळीत वारली. ती माझ्याशिवाय झोपत नाही.”

संजनानं खुर्ची पुढं ओढली. “ते मुलांसाठी आहे, बहिरूभाऊ. घेऊन या तिला. नाव काय?”

“वेदिका.”

“बरं. आणि जेवायला काय आवडतं तिला?”

“दूधभात,” बहिरू म्हणाला आणि मुलीला काय काय आवडतं ते सांगू लागला. संजना ऐकत राहिली.